काकूंची खिडकी आणि वीस वर्षांचा कायदा



मागच्या आठवड्यात इथे कोणीतरी गौळीगुड्यातल्या एका जुन्या वाड्याचा फोटो टाकला होता. त्याखाली बऱ्याच जणांनी लिहिलं, "काय उजेड असायचा हो त्या घरांत!" ते वाचून दोन-तीन दिवस डोक्यात एकच विषय घोळत राहिला. घरातला उजेड नक्की कोणाचा? आपला, शेजाऱ्याचा, की म्युनिसिपालिटीचा? आमच्या घराण्याचं या बाबतीतलं खातं काही स्वच्छ नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आपल्यातली पुष्कळ घराणी मराठवाड्यातून इथे आली. १९५६ पर्यंत नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानातच होते, पुढे राज्यात. त्यामुळे नोकरी, वकिली, शिक्षण, कोर्टकचेरी सगळ्याला राजधानी म्हणजे हैदराबाद. माझे आजोबाही नांदेडकडचेच. त्यांच्या गावचं घर माळवदाचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच धाबं, आणि त्या धाब्यात मध्ये एक भोक, त्याला साणं म्हणायचे. खोलीत उजेड यायचा तो त्या साण्यातून, आणि चुलीचा धूरही तिथूनच जायचा. पाऊस आला की वर चढून झाकण ठेवायचं. बाजूच्या भिंतीला खिडकी नसायचीच, कारण ती भिंत बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या घराला चिकटलेली.

थोडी बरी परिस्थिती असलेल्यांचा वाडा. त्यात साण्याच्या जागी चौक. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर सगळं चौकाभोवती. इथे शाहलीबंडा, हुसैनी आलम भागात आपल्या लोकांची जी जुनी घरं होती, त्यांची रचनाही अशीच. दक्षिणी बोलीत चौकाला सहन म्हणायचे, एवढाच फरक.

या घरांचा उजेड स्वतःच्या आभाळातून यायचा. चौक आपला, त्यावरचं आभाळ आपलं. शेजाऱ्याने माडी चढवली तर थोडं ऊन कमी होई, पण घर अंधारं होत नसे. त्यामुळे जुन्या काळी शेजाऱ्यांची भांडणं व्हायची ती सामाईक भिंतीवरून, पन्हळीच्या पाण्यावरून, मोरीवरून. आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणारी खिडकी काढली म्हणून. आपल्या शहरात पडदा पाळणाऱ्या घरांच्या शेजारी तर हा फार नाजूक मामला.

याबद्दल आपल्याकडे विचार झालाच नव्हता असं मात्र नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३३ साली कात्यायनस्मृतीचे व्यवहारावरचे विखुरलेले श्लोक गोळा करून छापले. त्यात सांगितलंय की शेजाऱ्याच्या घराच्या आधीपासून असलेल्या खिडक्या, पाण्याच्या वाटा अडवू नयेत. आणि एकदा वस्ती झाल्यावर दुसऱ्याच्या घरावर नजर पडेल अशी नवी खिडकी काढू नये. म्हणजे दोन्ही बाजूंना लगाम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही घरांमधलं अंतर, वळचणीचं पाणी, उजेडासाठी वर ठेवायची लहान खिडकी, हे सगळं आलेलं आहे. आणि शेवटी व्यवहारी माणसाला साजेसा नियम आहे, की घरमालकांनी आपसात ठरवून हवं तसं बांधावं, पण त्रास होईल असं टाळावं. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हैदराबादकडे येऊ. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला आणि नदीकाठच्या दाट वस्त्या वाहून गेल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच प्लेग. विश्वेश्वरय्यांना बोलावणं, उस्मानसागर, हिमायतसागर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. घरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९१२ साली स्थापन झालेलं सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड. कोंदट वस्त्या हटवायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा-उजेडाची घरं बांधायची, हे त्याचं काम.

मुंबईला हेच आधी होऊन गेलं होतं. १८९६ चा प्लेग आणि १८९८ चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. त्या ट्रस्टचे ऑर नावाचे एक इंग्रज चेअरमन होते, ते अंधाऱ्या खोल्यांच्या मागेच लागले होते. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीपुढे पाहिजे. चाळीस फूट उंची असेल तर वीस फूट मोकळे. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक दादरच्या हिंदू कॉलनीत राहतात, त्यांनी इमारतींमधल्या मोकळ्या जागा पाहिल्या असतील. त्या ट्रस्टच्याच योजनेतल्या.

हळूहळू आपल्याकडेही घराची कल्पना बदलली. चौक गेला. प्लॉट आला. प्लॉटच्या मधोमध घर, चारी बाजूंना थोडी जागा आणि बाजूच्या भिंतींना खिडक्या. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, लिंगमपल्ली या भागांत आपल्या लोकांनी बांधलेली घरं बघा. शहाबादी फरशी, मंगलोरी कौलं किंवा गच्ची, आणि चारी बाजूंना गजांच्या खिडक्या. घरं मोकळी झाली, आजार कमी झाले, सगळं खरं. पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. वाड्यात उजेड आपल्या आभाळातून यायचा. या नव्या घरांत तो शेजाऱ्याच्या जमिनीवरून यायला लागला. म्हणजे तो उसना झाला. आणि उसन्याची नोंद कुठेच नव्हती.

आता आमच्या घराची गोष्ट.

कुतबीगुड्यात आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घर बांधलं. पश्चिमेला शेजारी एक रेल्वेतले काका राहायला आले, त्यांचं घर १९५९ सालचं. माणसं आपलीच, परभणीकडची. त्यांच्या पूर्वेच्या भिंतीला एक मोठी खिडकी होती आणि ती आमच्या मोकळ्या जागेकडे उघडायची. त्या खिडकीत काकूंचं शिवणाचं मशीन. अख्ख्या गल्लीतल्या बायकांची पोलकी, मुलींचे फ्रॉक तिथे शिवले गेले. सकाळी सहापासून उन्हाचा पट्टा थेट मशीनवर. मी शाळेत जाताना मशीनचा आवाज ऐकून निघायचो. संक्रांतीला पहिला तिळगूळ त्या खिडकीतूनच हातावर पडायचा.

मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. १९७६ साली अण्णांच्या मनात आलं की पश्चिमेच्या मोकळ्या जागेत खाली दोन, वर दोन अशा खोल्या काढाव्यात. तशी घाई नव्हती. माझं लग्न व्हायचं होतं, ते पुढे तीन वर्षांनी झालं. पण अण्णांच्या ओळखीच्या एका जाणकारांनी त्यांना सांगितलं, "शेजाऱ्याच्या खिडकीला सतरा वर्षं झालीत. वीस झाली की तुम्हाला तिथे भिंत उभी करता येणार नाही. बांधायचं तर आत्ताच बांधा."

आणि आम्ही बांधलं. कर्ज माझ्या नावावर, बँकेच्या स्टाफ हाउसिंग लोनमधून. नकाशा मंजूर होता, कागदात काही खोट नव्हती. काकूंच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर दुमजली भिंत उभी राहिली. काका एकदा येऊन म्हणाले होते, "अहो, थोडं मागे घेता येईल का?" अण्णा म्हणाले, "मंजूर नकाशाप्रमाणे आहे." मी तिथेच बसलो होतो. बोललो नाही.

काकूंनी मशीन पुढच्या व्हरांड्यात हलवलं. तिथे वाऱ्याने कापड उडायचं, पावसाची झड यायची. परत आत नेलं आणि दिवसा बल्ब लावून शिवायला लागल्या. मी हिशेबी माणूस, नंतर कितीदा तरी मनात हिशेब केलाय. चाळीस वॅटचा बल्ब, दिवसाला सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला बहात्तर युनिट. पैशाने काहीच नाही. पण दोन घरांमधलं हळदीकुंकू थांबलं, गणपतीचा प्रसाद थांबला. गल्लीत समोरासमोर आलं की काकू पदर सावरून बाजूने जायच्या. काही वर्षांनी मशीनचा आवाजही बंद झाला.

आता तो वीस वर्षांचा कायदा काय आहे ते सांगतो, कारण आपल्यात याबद्दल अर्धवट माहिती फार आहे.

१८८२ चा इझमेंट्स अ‍ॅक्ट, मराठीत सुविधाधिकार अधिनियम. याचं मूळ इंग्लंडात. तिथे १८३२ च्या कायद्याने वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेडाला हक्काचं रूप दिलं. लंडनमध्ये जुन्या खिडक्यांखाली 'एन्शंट लाइट्स', म्हणजे प्राचीन उजेड, अशा पाट्या असतात. आमची खिडकी जुनी आहे, समोर बांधताना विचार करा, असा त्याचा अर्थ. आपल्या कायद्याच्या कलम १५ मध्येही तीच वीस वर्षं. इमारतीला हवा-उजेड वीस वर्षं शांतपणे, न अडवता, हक्क म्हणून मिळाला तर तो हक्क पक्का होतो. शेजारची जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं.

पण यात खाचाखोचा आहेत. एक, हा हक्क इमारतीच्या खिडक्या-झरोक्यांना, मोकळ्या जमिनीला नाही. अंगणातलं ऊन, तुळशीवरचं ऊन, पापड वाळवायचं ऊन वर्षानुवर्षं मिळालं म्हणून त्यावर हक्क तयार होत नाही. दोन, हक्क असला तरी होता तेवढा सगळा उजेड परत मागता येत नाही. नुकसान भरीव पाहिजे. म्हणजे घराची किंमत खरोखर कमी होणं, राहणाऱ्याच्या सुखसोयीत मोठी अडचण येणं किंवा नेहमीचा धंदा पूर्वीसारखा न करता येणं. १९०४ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने आणि १९१४ साली कलकत्त्याच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने साधारण हेच धोरण ठरवलं. उजेड थोडा कमी झाला एवढ्याने भागत नाही, त्रास किती झाला ते पाहायचं. तीन, वीस वर्षं भरली नसतील तर हा हक्कच नाही. आपल्या जमिनीवर, म्युनिसिपालिटीचे नियम पाळून, बांधायचा अधिकार मालकाचा.

काकूंचं शिवणकाम म्हणजे नेहमीचा धंदाच की. आणखी तीन वर्षं गेली असती तर त्यांची बाजू भक्कम झाली असती. कायदा शेजाऱ्याचं रक्षण करण्यासाठी केलेला, पण वीस वर्षांच्या त्या आकड्यानेच आमच्या अण्णांना घाई करायला लावली. जी भिंत कदाचित चार वर्षांनी, थोडी मागे घेऊन, चार गोष्टी बोलून उभी राहिली असती, ती आकड्याच्या भीतीने उभी राहिली.

पुढे नोकरीत मी शेकडो घरकर्जांच्या फायली पाहिल्या. ईसी, लिंक डॉक्युमेंट्स, वकिलाचा अभिप्राय, मंजूर नकाशा, एस्टिमेट, व्हॅल्युएशन. सगळं तपासायचो, सह्या करायचो. या बांधकामाने कोणाची खिडकी बंद होणार आहे का, असा रकाना एकाही फॉर्ममध्ये नव्हता. वरच्या मजल्याच्या कर्जाचा अर्ज आला की मला ते मशीन आठवायचं. सही मात्र करायचो, कारण न करण्याचं कारण कागदावर नसायचं.

शहर वाढत गेलं. एकमजली घरांवर मजले चढले. २००६ साली जी.ओ. ८६ ने हैदराबादचे नवे बांधकाम नियम आले आणि एफएसआयची मर्यादा काढून टाकली. आता उंची ठरते प्लॉटचा आकार आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून. उजेड राखायला उरलं ते फक्त सेटबॅक, म्हणजे बाजूची मोकळी जागा. २०१२ च्या जी.ओ. १६८ मध्येही तेच तत्त्व. दोनशे-अडीचशे गजांच्या प्लॉटला बाजूने साधारण एक-दीड मीटर. दोन्हीकडच्यांनी तेवढं सोडलं तर मध्ये दोन-तीन मीटर, आणि दोन्हीकडे दहा मीटरच्या भिंती. ऑरसाहेबांच्या मापाने पाच मीटर हवेत. आणि तेवढंही कोण सोडतो? ज्यांनी सोडलं नाही त्यांच्यासाठी २००७ च्या अखेरीस बीपीएस आली, २०१५ मध्ये बीआरएस. दंड भरा, नियमित करून घ्या. दंड जातो सरकारी खात्यात. ज्याचा उजेड गेला त्याच्या खात्यात काही जमा होत नाही.

सुलतान बाजारची गोष्टही याच धर्तीची. एकेकाळची ही रेसिडेन्सी बाजारची वस्ती, १९३३ साली निजाम सरकारकडे परत आली आणि तिला हे नाव मिळालं. आपल्या बायकांची साड्या, बांगड्यांची खरेदी पिढ्यान्‌पिढ्या इथली. मेट्रो या अरुंद रस्त्यावरून न्यायला व्यापाऱ्यांनी बरीच वर्षं विरोध केला. शेवटी ७ फेब्रुवारी २०२० ला जेबीएस ते एमजीबीएस मार्ग सुरू झाला. मेट्रोची सोय झाली हे खरंच, मीही बसतो. पण पुलाखालच्या दुकानांत आता भर दुपारी दिवे असतात.

आता आमच्या गोष्टीचा उत्तरार्ध. काका गेले, २००३ मध्ये काकूही गेल्या. २०१६ साली त्यांच्या मुलीने घर डेव्हलपमेंटला द्यायचं ठरवलं. स्टिल्ट आणि वर तीन मजले. आम्ही तोवर वरच्या मजल्यावर राहत होतो, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, त्यांच्या जुन्या गच्चीवरून उजेड घेणारी. चाळीस वर्षं जुनी.

मी वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, "तुमचा हक्क तयार झालेला आहे. दावा लावता येईल, पण किती वर्षं चालेल सांगता येत नाही." बोलता बोलता मी त्यांना १९७६ ची हकिगत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "त्या वेळी भिंत बांधायची गरजच नव्हती. खिडकीचा उजेड आम्ही तुमच्या संमतीने घेतोय, त्यावर कायमचा हक्क सांगणार नाही, एवढं शेजाऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर वीस वर्षांचा हिशेब थांबला असता. तुम्ही पाहिजे तेव्हा, पाहिजे तसं बांधलं असतं."

एक कागद. काकांनी आनंदाने सही केली असती. मी बँकेत दिवसभर लोकांकडून सह्याच घेत होतो.

दावा मी लावला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारी गेलो. चाळीस वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं. ती खिडकी बंदच होती, आत कपाट लावलेलं. काकूंची मुलगी लहानपणी मला दादा म्हणायची, त्या दिवशीही तसंच म्हणाली. मी म्हटलं, "माझा हक्क सांगायला आलो नाही, विनंती करायला आलोय." तिने टेबलावर नकाशा पसरला. आमच्या स्वयंपाकघरासमोर त्यांची एक बेडरूम येत होती. तिने बिल्डरच्या माणसाला फोन लावला, बराच वेळ बोलली, मग म्हणाली, "दादा, तेवढ्या भागात नियमापेक्षा दोन फूट जास्त सोडले तर माझ्या वाट्याची बेडरूम लहान होते. किती लहान होते ते बघते."

आठ दिवसांनी तिचा निरोप आला, की चालण्यासारखं आहे.

मी पुन्हा गेलो आणि जे चाळीस वर्षं राहून गेलं होतं ते बोललो. म्हटलं, "त्या वेळी आमचं चुकलं. मी तिथेच बसलो होतो, तरी बोललो नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे आईला सांगायला हवं होतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आज आमच्या स्वयंपाकघरात दुपारी चारपर्यंत दिवा लागत नाही. पूर्वीएवढं ऊन नाही, पण तांदूळ निवडता येतात.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची जुनी घरं आता पाडायला, वाढवायला, डेव्हलपमेंटला निघाली आहेत. मुलं अमेरिकेत, पुण्यात, गच्चीबावलीत. त्यांना एवढंच सांगायचंय, नकाशा म्युनिसिपालिटीत नेण्याआधी पेन्सिलने काढलेला असतानाच शेजारी न्या. कोणती खिडकी कुठे येते ते दाखवा. काही ठरलं तर साध्या कागदावर न ठेवता वकिलाकडून नीट लिहून रजिस्टर करा, म्हणजे पुढच्या पिढीत वाद नको. आपसात ठरवून बांधावं आणि त्रासदायक ते टाळावं, हे कौटिल्याने लिहून ठेवलंय, आणि माझ्या अनुभवात इतर सगळ्या नियमांपेक्षा तेच जास्त कामाला आलं.

तुमच्या जुन्या घरातल्या खिडक्यांच्या, चौकाच्या, साण्याच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. जुने नकाशे, फोटो असतील तर टाका. आणि शेजाऱ्याशी असंच काही बोलायचं राहून गेलं असेल, तर ते इथे लिहिण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या.